पंडिता रमाबाई : पायपीट, प्रपंच आणि उद्योग



एका मातेच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानात कर्तृत्ववान स्त्रीच्या चरित्राचा विचार व्हावा, ही संयोजकांची अपेक्षा मला मनापासून पटली. त्या अपेक्षेला अनुसरून मी पंडिता रमाबाईंचे नाव निवडले आहे. हे नाव आपल्याला अपरिचित नाही. पाठ्यपुस्तकात एखाद-दुसरा परिच्छेद, एखाद्या स्पर्धा परीक्षेत एक प्रश्न, १९८९ साली निघालेले एक टपाल तिकीट, एवढ्यापुरते ते आपल्या सर्वांना ठाऊक असते. विदुषी, सुधारक, धर्मांतरित स्त्री अशा तीन शब्दांत त्यांची ओळख संपते. आज मला त्यांच्या आयुष्याची वेगळी बाजू आपल्यापुढे मांडायची आहे. रमाबाई आयुष्यभर प्रवास करीत राहिल्या, त्यांनी हजारो अनाथ मुलींचा संसार चालवला, आणि तो संसार चालावा म्हणून शेती, विणकाम, छपाई असे अनेक उद्योग उभे केले. प्रवासी, माता आणि उद्योजक या नात्यांनी त्यांच्याकडे पाहिले, तर पंडिता या पदवीचा अर्थही अधिक स्पष्ट होतो, असे मला वाटते.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. रमाबाईंचा जन्म महाराष्ट्रात झाला नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी त्या जन्मल्या, त्या सह्याद्रीच्या घनदाट अरण्यातील गंगामूळ या ठिकाणी. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम जेथे होतो, तो हा प्रदेश आज कर्नाटकात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळजवळच्या माळ या गावचे. त्या परिसरात चित्पावनांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. भोवताली कन्नड आणि तुळू, घरात मराठी, आणि अध्ययनाची भाषा संस्कृत, असे ते घर होते. मराठी भाषेच्या मुख्य प्रदेशाबाहेर राहून मराठी जपणाऱ्या घराची कल्पना आपल्याला वेगळी करून सांगावी लागत नाही.

आईची शाळा

रमाबाईंच्या शिक्षणाची कथा एका पिढीआधी सुरू होते. अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययनासाठी राहिले होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. पेशव्यांच्या वाड्यात एक स्त्री संस्कृत पाठ म्हणते, हे अनंतशास्त्र्यांनी पाहिले, आणि आपल्या घरातही असेच व्हावे हा विचार त्यांच्या मनात रुजला. पहिल्या पत्नीने व घरच्या मंडळींनी त्याला दाद दिली नाही. पुढे प्रौढ वयात, तीर्थयात्रेत भेटलेल्या एका गृहस्थाने आपली लहानगी मुलगी त्यांना दिली. ही लक्ष्मीबाई. शास्त्रीबुवांनी तिला शिकवायला आरंभ केला. समाजाने हरकत घेतली, पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले. अखेर गावातील कटकट नको म्हणून ते पत्नीला घेऊन अरण्यात राहावयास गेले. तेथे त्यांच्यापाशी विद्यार्थी शिकावयास येत.

रमाबाईंच्या जन्मानंतर काही महिन्यांतच हे कुटुंब घर सोडून बाहेर पडले. आल्यागेल्याचे आतिथ्य आणि विद्यार्थ्यांचे पोषण यांत शास्त्रीबुवांची चीजवस्तू संपली होती. पुढची सुमारे सोळा वर्षे हे बिऱ्हाड तीर्थक्षेत्रांतून फिरत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा, आणि त्यातूनही दानधर्म करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. अनंतशास्त्री तोवर वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. दिवसभर प्रपंचाची कामे असत, त्यामुळे पाठ पहाटे होई. निजलेल्या मुलीला मांडीवर घेऊन ही माता तिला जागे करी आणि तोंडी संथा देई. पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. व्याकरण आणि कोश यांचाही पाया पक्का झाला होता.

ही शाळा कोठल्याही इमारतीत भरत नव्हती. तिला पाटी नव्हती, दफ्तर नव्हते, अनुदान नव्हते. १८८७ साली अमेरिकेत आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करताना रमाबाईंनी ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले, यावरून या शाळेचे त्यांच्या मनातील स्थान ध्यानात येते.

पायपीट

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास येणारे श्रोते स्वतःच अन्नाला महाग झाले, मग पुराणिकाला कोण देणार? शास्त्रीबुवांना सरकारी वा खाजगी नोकरीची सवय नव्हती. मुलांना व्यावहारिक असे काहीच शिकवलेले नव्हते, आणि मजुरी करणे कुलाला कमीपणा आणणारे वाटत होते. भांडीकुंडी, वस्त्रे विकून झाली. काही महिन्यांच्या अंतराने प्रथम वडील व नंतर आई भुकेने खंगून गेली. आईची तिरडी उचलावयास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, तेव्हा चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्याने त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

या प्रसंगाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. अठरा हजार श्लोकांचा ग्रंथ जाणणाऱ्या घरात पोट भरण्याची विद्या नव्हती. विद्या आणि उपजीविका यांची ही ताटातूट रमाबाईंनी सोळाव्या वर्षी प्रत्यक्ष भोगली होती. पुढे त्यांनी स्थापलेल्या प्रत्येक संस्थेत मुलीला अक्षरओळखीबरोबर हाताचे एखादे काम शिकवलेच पाहिजे, हा त्यांचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ मला या दुष्काळात दिसते.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी चालत, उपाशी राहत, कधी थंडीत उबेसाठी स्वतःला वाळूत पुरून घेत, उत्तरेकडे गेली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, वधू परप्रांतीय होती, आणि विवाहात कोणताही धार्मिक विधी नव्हता. त्या काळी यातील प्रत्येक गोष्ट बहिष्काराला पुरेशी होती. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधी रमाबाई अनाथ, विधवा आणि एका तान्ह्या मुलीची आई झाल्या होत्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज निक्षून सांगितली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८८२ मधलेच. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा त्यांनी इंग्लंडच्या प्रवासखर्चाला लावला. कोणत्याही संस्थानिकाची शिष्यवृत्ती वा मिशनचे भाडे न घेता स्वतःच्या लेखणीवर आगबोटीचे तिकीट काढणारी ही विधवा ब्राह्मण स्त्री आपल्या वाङ्मयेतिहासात अपवादच म्हणावी लागेल.

सातासमुद्रांपलीकडे

१८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात राहताना तेथील भगिनींना मराठी शिकवून त्यांनी आपल्या राहण्याची परतफेड केली. वैद्यकीय शिक्षणाचा मूळ हेतू कमी ऐकू येऊ लागल्याने सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही असत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि येथून महाराष्ट्राचे व त्यांचे संबंध बिघडले. मात्र त्यांनी ज्या चर्चचा आश्रय घेतला, त्या चर्चलाही त्या सोयीच्या ठरल्या नाहीत. त्या शाकाहारी राहिल्या, धर्ममतांबाबत वाद घालीत राहिल्या, गळ्यातील क्रॉसवर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असे म्हणाल्या. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना दिसते की, शास्त्र्यांपुढे न झुकलेली ही मुलगी बिशपांपुढेही झुकली नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची जी बाजू घेतली, ती या स्वतंत्र बाण्याची कदर करूनच.

१८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी बोलावले. हा समारंभ ११ मार्च १८८६ रोजी झाला. काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. देशभर फिरून त्यांनी व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. ही विक्री नियोजित शाळेच्या कामाला उपयोगी पडली.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. भारतात बालविधवांसाठी धर्मनिरपेक्ष निवासी शाळा काढावयाची, आणि तिचा खर्च दहा वर्षे चालवावयाचा, अशी हमी तिने दिली. ठिकठिकाणी तिची लहान मंडळे निघाली. छोट्या वर्गण्यांतून कायम निधी उभा करण्याची ही अमेरिकन पद्धत रमाबाईंनी बारकाईने अभ्यासली होती. परतल्यावर १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात तेथील शिक्षण, परोपकारी संस्था, स्त्रियांच्या संघटना यांची वर्णने आहेत. त्या देशातील मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाबद्दलही त्यांनी लिहिले. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा जगाच्या अभ्यासकांना त्याचे मोल कळले. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास शिकवताना आम्हा प्राध्यापकमंडळींच्या यादीत हे पुस्तक बहुधा शेवटी येई, ते पुष्कळ आधी यावयास हवे.

शारदा सदन

जपानमार्गे मायदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. आनंदीबाई स्वतः १८८७ मध्येच निवर्तल्या होत्या. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या या मोठ्या प्रवाहाचा एक झरा शारदा सदनातून निघाला आहे, हे विसरता येणार नाही.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. तेथे वाद पेटला. रमाबाई पहाटे आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि मुलींना तेथे येऊन बसण्यास मज्जाव नसे. काही मुलींचा ओढा त्या धर्माकडे होऊ लागल्याची बातमी फुटली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाचा न्याय करताना दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. संस्थाचालिकेचे वजन कोवळ्या मनावर पडतेच, तेव्हा त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, ज्या समाजाने या मुलींचे केशवपन केले, त्यांना घराच्या काळोख्या कोपऱ्यात ढकलले, त्याला त्यांच्या धर्माची काळजी त्या सदनात गेल्यावरच वाटू लागली, हेही खरे. रानड्यांसारखे सुहृद दूर झाले हे रमाबाईंचे दुःख होते. पण सुधारकांपाशी त्या मुलींसाठी दुसरे घर तयार नव्हते, हे त्या मुलींचे दुःख अधिक मोठे होते.

केडगावचा उद्योग

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. संस्कृतात उद्योग म्हणजे नेटाचा प्रयत्न. मराठीत त्याला धंदा, कारखाना हा अर्थ चिकटला, आणि ‘नसते उद्योग’ असा त्याचा टोमणाही झाला. रमाबाईंना हे तिन्ही अर्थ लागू पडतात. प्रयत्न त्यांनी केला, कारखाना त्यांनी चालवला, आणि नसत्या उद्योगांबद्दलची बोलणीही त्यांनी भरपूर खाल्ली.

अमेरिकेची हमी दहा वर्षांची होती. तिची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार, हे रमाबाई पहिल्या दिवसापासून जाणून होत्या. देणगी आटल्यावर शाळा बंद पडू नये म्हणून मुदत संपण्याआधी काही वर्षे त्यांनी पुण्याहून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, रेल्वेलगतच्या केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन मिळवली. तेथे विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. झाडे फळावर येण्यास जी वर्षे लागतील ती हमीच्या काळातच निघून जावीत, आणि पुढे बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा हिशेब होता. उत्पन्न सुरू होण्याआधीच खर्चाची तरतूद संपते आणि संस्था कोसळते, हा अनुभव आपल्याकडील कितीतरी शाळांचा आहे. येथे जमलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना या दूरदृष्टीचे मोल मी सांगावयास नको.

बाग पुरती हाती येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील बातम्या ऐकून रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला, म्हणून शहरात एवढी वस्ती ठेवणे अशक्य झाले, आणि शेतासाठी घेतलेली केडगावची जागा निवाऱ्याची जागा झाली. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

दीड हजार माणसांना दोन वेळ जेवू घालण्यासाठी किती धान्य, किती पाणी, किती जळण लागत असेल याचा विचार करावा. रमाबाईंनी या वस्तीलाच कामाला लावले. मुली शेतात राबल्या, गाईम्हशी सांभाळल्या. त्यांनी माग चालवून आपले कापड विणले, शिवणकाम केले, घाणा चालवून तेल काढले, धोबीकाम आणि पाव भाजण्याचे काम केले. छापखान्यात त्यांनी खिळे जुळवले, छपाई आणि पुस्तकबांधणी केली. आलेल्या मुलींत आंधळ्या होत्या, त्यांच्यासाठी निराळे सदन झाले, आणि मनोरमाबाई परदेशातून ब्रेल लिपी शिकून आल्यावर त्या मुली वाचू लागल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. शारदा सदनातील शिक्षणही चालूच होते. ज्या मुलीला बुद्धीची चमक आहे ती पुढे शिके आणि शिक्षिका होई. जिचा हात कामात बसे ती त्या कामात तरबेज होई. कोणीही आयते खाऊ नये आणि कोणीही उपाशी राहू नये, हा तेथील कारभाराचा पाया होता.

या कारखान्यांचा नफा कोणाच्या तिजोरीत गेला नाही, म्हणून त्यांना उद्योग म्हणू नये असे कोणी म्हणेल. पण भांडवल जमवणे, जमीन निवडणे, धोका पत्करणे, माणसे घडवणे, हिशेब देणे, या सर्व कसोट्यांना रमाबाई उतरतात. देशोदेशींहून येणाऱ्या देणग्यांची गरज केडगावला पुढेही लागली. लोकसंख्या एवढी फुगल्यावर बागेच्या बळावर पूर्ण स्वावलंबन शक्यच नव्हते. तरी मिळालेल्या देणगीला कष्टाची जोड दिल्याशिवाय ती वापरावयाची नाही, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही.

दुष्काळातून आणलेल्या मुली केडगावी ख्रिस्ती वातावरणातच वाढल्या, याचा उल्लेख टाळणे इतिहासाला धरून होणार नाही. शारदा सदनाच्या आरंभीची धर्मतटस्थता मुक्ती सदनात राहिली नाही, ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. अन्नाबरोबर धर्म देण्यावर ज्यांचा आक्षेप आहे, त्यांचा तो अधिकार मी मान्य करतो. परंतु त्या मुली रस्त्याच्या कडेला मरत होत्या तेव्हा त्यांना उचलणारे हात फार थोडे होते, आणि त्यांतील दोन हात एका मराठी बाईचे होते, एवढे आक्षेप घेणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

हजारांची आई, एकीची आई

दीड हजार मुलींची आई झालेली ही स्त्री स्वतःच्या मुलीला कितपत आई म्हणून लाभली? चरित्रकारांनी हा प्रश्न फारसा विचारलेला नाही.

मनोरमा दोन वर्षांची असताना इंग्लंडला गेली, पाच वर्षांची होता होता अमेरिकेला. तेथे आईच्या सततच्या दौऱ्यांत तिचे हाल होऊ लागले, म्हणून तिला परत इंग्लंडला भगिनींकडे पाठवावे लागले. आई एका खंडात, मुलगी दुसऱ्या, अशी त्यांची काही वर्षे गेली. मनोरमेने काय शिकावे, कोणत्या पंथाच्या शिकवणुकीत वाढावे, यावरून रमाबाई आणि भगिनी यांच्यात कडक पत्रे गेली. मुलीवर पहिला हक्क आपला आहे, हे रमाबाईंनी ठासून सांगितले. दूर असूनही त्या मुलीला पत्रे लिहीत राहिल्या.

मोठेपणी मनोरमाबाईंनी अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली, शारदा सदनाचा कारभार पाहिला. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी तेव्हाच्या निजाम राज्यातील गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, येथे शाळा काढली. आजोबांनी अरण्यात सुरू केलेले शिकवण्याचे व्रत नातीने पुन्हा कन्नड मुलखात नेले. आईचे कान मंदावत गेले तसतशा त्या आईच्या कानही झाल्या. केडगावचा कारभार त्यांच्याकडेच जायचा होता. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

मनोरमाबाईंच्या आयुष्याला त्याग म्हणावे की आईच्या कामात ते आयुष्य ओढले गेले असे म्हणावे, याचा निर्णय देण्याचे धाडस मी करणार नाही. सार्वजनिक काम करणाऱ्या मातापित्यांची मुले त्या कामाची किंमत मोजतात, मग त्यांना कोणी विचारलेले असो वा नसो. लक्ष्मीबाईंनी पहाटे मुलीला मांडीवर घेऊन शिकवले, रमाबाईंना तशी पहाट मनोरमेसाठी फार वेळा मिळाली नाही. त्यांच्या थोरवीचे वर्णन करताना ही बाजूही सांगितली, तर त्यांची थोरवी कमी होत नाही, आणि मनोरमाबाईंवर अन्यायही होत नाही.

मराठी भाषेचे ऋण

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांतील मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. हे भाषांतर केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच छापले. मूळ भाषांतून केलेले एका भारतीय स्त्रीचे हे समग्र भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून बाहेर पडले. धर्मग्रंथ म्हणून त्याचा विचार त्या धर्माचे अनुयायी करतील. भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्यात दिसते ते असे की, बंगाली पती, इंग्रज गुरुभगिनी, अमेरिकन आश्रयदाते, गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या आश्रित मुली, एवढ्या भाषांच्या गर्दीत राहूनही रमाबाईंनी आपले अखेरचे काम मराठीतच केले.

देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यांना ‘महाराष्ट्राची तेजस्विनी’ म्हटले. नाव यथार्थ आहे. पण महाराष्ट्राने त्यांच्या हयातीत त्यांना आपले मानले नाही, आणि ज्या मुलखात त्या जन्मल्या तेथे त्यांची आठवण क्वचितच निघते. दोन प्रदेशांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाचे असे होते. आपल्याला ते चांगले ठाऊक आहे. म्हणून त्यांना आपले म्हणण्याचा हक्क आणि कर्तव्य सीमाभागातील मराठी माणसाचे आहे, असे मला वाटते.

माजी विद्यार्थ्यांना जाता जाता एक विनंती करतो. शाळेला देणगी द्यावी, ती द्यावयासच हवी. पण देणगीची मुदत संपल्यावर शाळा कशावर उभी राहील, याचाही विचार देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने बरोबरच करावा. आणि येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाताला, पाठांतराबरोबर, पोट भरण्याची एखादी विद्या लागेल असे पाहावे. १८७४ च्या दुष्काळात एका विद्वान कुटुंबाला तिच्यावाचून मरावे लागले. त्यातून वाचलेल्या मुलीने ती विद्या हजारोंना दिली.